दर्यात किती, बाजारात किती: सिसिलिया पेनबद्दलच्या तीन प्रश्नांना उत्तर

विजयदुर्ग किल्ल्यावर १८ ऑगस्टला हेलियम दिनाचं माझं बोलणं संपलं आणि सर आली. सगळे आडोशाला पळाले. त्या धांदलीत जवळच्याच गावातल्या, अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीने माझ्या हातात वहीचं घडी केलेलं पान कोंबलं. घरी येऊन वाळवून वाचलं. तीन प्रश्न होते. पहिला: हेलियमचा शोध खरंच आपल्या किल्ल्यावर लागला का? दुसरा: सूर्य मुख्यतः हायड्रोजनचा आहे हे सिसिलिया पेन नावाच्या बाईने शोधलं आणि तिलाच ते चूक आहे असं लिहायला लावलं, असं एका व्हिडिओत पाहिलं, ते खरं का, आणि तिने ऐकलं कशाला? तिसरा: मला हेच शिकायचंय, घरचे म्हणतात डी.फार्म. कर, तर काय करू?

अगं, चिठ्ठीत मावतील असे हे प्रश्न नाहीत. एकतीस वर्षं मी ताऱ्यांचे वर्णपट, म्हणजे त्यांच्या प्रकाशाचे पसरलेले रंगपट्टे, वाचण्यात घालवली, त्यातली बरीचशी तमिळनाडूत कावलूरच्या डोंगरावरच्या वेधशाळेत, रात्रपाळीत. तेव्हा उत्तर लांबलं तर सांभाळून घे.

पहिला प्रश्न आधी, कारण त्यावर किल्ल्यावर माझं दोघांशी वाजलंसुद्धा.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आपल्या देशावरून गेला. फ्रान्सचा पिएर जान्सन त्यासाठी आंध्रातल्या गुंटूरला येऊन बसला होता. सूर्याच्या कडेला उसळणाऱ्या ज्वालांचा वर्णपट त्याने पाहिला. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर त्या दिवशी इंग्लंडातच होता. त्याने २० ऑक्टोबरला ग्रहणाशिवायच त्या ज्वाला पकडल्या आणि त्यांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा ओळखली. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांच्या अगदी शेजारी, ५८७.६ नॅनोमीटरवर, पण सोडियमची नव्हे. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून तिच्या मालकाला हेलियम म्हटलं. तो वायू पृथ्वीवर हाताला लागला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झीच्या प्रयोगशाळेत.

मग लॉकयरने हेलियम जिथून शोधला म्हणतात, तो किल्ल्यावरचा साहेबाचा कट्टा कुठला? लॉकयर विजयदुर्गला आला, हे खरंच आहे. पण आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, म्हणजे हेलियमची रेषा सापडून जवळजवळ तीस वर्षं झाल्यावर. 'मेल्पोमीन' या युद्धनौकेचे खलाशी त्याने मदतीला घेतले होते. तुला पुस्तक उघडायचीही गरज नाही. १८ ऑगस्टला, श्रावणात, आपल्या किनाऱ्यावर कोण शहाणा भरवशाने दुर्बीण लावून बसेल? परवाचीच सर आठव. जानेवारीतलं आभाळ ते वेगळं.

हे सांगितलं की लोक हिरमुसतात. कशाला? त्या १८९८ च्या ग्रहणात या भागात किती काय चाललं होतं! पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला जेऊरला वेध घेत होते. आणि तळणी नावाच्या गावी अ‍ॅनी माँडर ही आयरिश बाई आपला कॅमेरा रोखून बसली होती. ग्रीनिचच्या वेधशाळेत ती आकडेमोडीच्या नोकरीवर होती. लग्न केलं, तर नियमाप्रमाणे नोकरी सोडावी लागली. तळणीला तिने सूर्याच्या प्रभामंडलाचा जो लांबलचक झोत फोटोत पकडला, तेवढा लांब तोवर कुणाला मिळाला नव्हता. पुढच्या हेलियम दिनाला तिचंही नाव घ्या, असं मी आयोजकांना सांगून ठेवलंय.

आता सिसिलिया. एक आधीच सांगते. मराठीत लिहिताना आपण पुरुष शास्त्रज्ञाला 'ते' म्हणतो आणि बाईला 'ती', आणि आपल्या लक्षातही येत नाही. म्हणून या गोष्टीतल्या सगळ्या परदेशी मंडळींना मी एकेरीतच बोलवणार आहे, मोठ्या प्राध्यापकांनासुद्धा. मेघनाद साहांना मात्र अहो-जाहो. तिथे जीभच वळत नाही.

सिसिलिया पेन १० मे १९०० ला इंग्लंडात वेंडोव्हर गावी जन्मली. चार वर्षांची असताना वडील गेले. तीन मुलांना आईने एकटीने वाढवलं. लहानपणाचा तिचा एक प्रयोग मला फार आवडतो. देवाची प्रार्थना केल्याने परीक्षेत मार्क वाढतात का, हे तिला बघायचं होतं. तिने विषयांचे दोन गट केले, एका गटासाठी प्रार्थना केली आणि दुसऱ्यासाठी नाही. न केलेल्या गटात मार्क जास्त पडले. आपल्याकडे परीक्षेआधी रामेश्वराला गाऱ्हाणं घालतात. घालावं, माझी आईही घालायची. पण घातलेलं आणि न घातलेलं असे दोन रकाने पाडून बघावं, हे त्या वयात सुचणं म्हणजे काय ते ओळख.

शाळा संपताना ती लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये होती. तिथे संगीत शिकवायला होता गुस्ताव होल्स्ट, आणि त्याने तिला संगीतात जा म्हणून सांगितलं. ती गेली नाही. १९१९ मध्ये शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाली, वनस्पतिशास्त्र शिकायला.

आणि पुन्हा ग्रहण आलं. २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात आर्थर एडिंग्टनने आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावरून ताऱ्यांचे फोटो घेतले होते. सूर्याजवळून येताना ताऱ्याचा प्रकाश आइन्स्टाइन म्हणतो तेवढा वाकतो का, हे तपासायला. त्यावर केंब्रिजमध्ये त्याचं व्याख्यान ठरलं. न्यूनहॅमच्या मुलींच्या वाट्याला चार तिकिटं आली होती. त्यातल्या एका मैत्रिणीला जमेना म्हणून तिचं तिकीट सिसिलियाला मिळालं. खोलीवर परतून तिने ते सगळं व्याख्यान शब्दन् शब्द लिहून काढलं. पुढच्या काही रात्री झोप लागली नाही, असं तिने स्वतः लिहिलंय. वनस्पतिशास्त्र सुटलं, भौतिकी धरली.

तिथे रुदरफोर्डच्या वर्गात मुलींनी पहिल्या बाकावर बसायचा नियम होता. वर्गात ती एकटी मुलगी. रुदरफोर्ड तिच्याकडे रोखून बघत 'लेडीज अँड जंटलमेन' म्हणून सुरुवात करायचा आणि मागची पोरं पाय आपटून दणका उडवायची. रोज. एडिंग्टनची तऱ्हा वेगळी. वेधशाळा लोकांसाठी खुली होती त्या एका रात्री सिसिलियाने त्याला गाठून सांगितलं, मला खगोलशास्त्रज्ञ व्हायचंय. तो म्हणाला, पार करता येणार नाही अशी काही अडचण मला तरी दिसत नाही. बुजऱ्या माणसाचं कौतुक हे असंच असतं. तिला तेवढं आयुष्यभर पुरलं.

अडचण मात्र होती. शिक्षण पुरं झालं तरी केंब्रिज तेव्हा बायकांना पदवी देत नसे. दिली ती १९४८ पासून. इंग्लंडात राहून फार तर शाळेत शिकवायची नोकरी मिळाली असती. म्हणून १९२३ मध्ये ती बोटीने अमेरिकेला गेली, हार्वर्डच्या वेधशाळेत, हार्लो शॅपलीच्या हाताखाली, छोट्याशा शिष्यवृत्तीवर.

हार्वर्डलाच का, हे कळायला तिथला खजिना ठाऊक हवा. दुर्बिणीतून आलेला ताऱ्यांचा प्रकाश तिथे काचेच्या पट्ट्यांवर उतरवून ठेवत. आज त्या संग्रहात पाच लाखांहून जास्त पट्ट्या आहेत. त्या वाचायला बायका नेमलेल्या, कारण बायका कमी पगारात नेटकं काम करतात. यात मी काही वाढवून सांगत नाही, उघड हिशोबच होता तो. त्यातल्या अ‍ॅनी कॅननने सव्वादोन लाख ताऱ्यांचे वर्णपट भिंगाखाली बघून एकेकाला वर्ग दिला. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम हा क्रम तिने बसवलेला आहे, आणि मीही नोकरीभर तोच वापरला. पण या वर्गांमागचं भौतिक कारण पुरतं उलगडलेलं नव्हतं. बायकांनी वर्गवारी करावी, अर्थ पुरुषांनी लावावा, अशी कामाची वाटणीच होती. सिसिलियाने ती मानली नाही.

इथे कोड्याशी येते. सावकाश वाच, हे कळलं की बाकी सगळं कळेल.

सूर्याचा प्रकाश लोलकातून किंवा जाळीतून पसरवला की रंगांच्या पट्ट्यावर हजारो काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या जागी प्रकाश गिळतं, त्या या रेषा. सूर्यात सगळ्यात ठसठशीत दोन रेषा कॅल्शियमच्या, जांभळ्या टोकाला. लोखंडाच्या रेषांची तर गर्दीच. हायड्रोजनच्या आहेत, पण त्यांपुढे फिक्या. मग सगळे म्हणत, पृथ्वी ज्याची बनलीय त्याचाच सूर्य बनलाय, फक्त तो तापलेला आहे. पृथ्वीचं कवच तेवढंच तापवलं तर त्याचा वर्णपट सूर्यासारखाच दिसेल, असं हेन्री रोलंड हा अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ म्हणून गेला होता. पटण्यासारखंच आहे, नाही?

माझं माहेर मालवणचं, बंदराजवळचं. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, होड्या वर ओढलेल्या असतात. अशा वेळी लहानपणी मी एकदा मासे विकणाऱ्या आत्येला विचारलं होतं, सुरमई संपली का गं समुद्रातली? ती हसली. ''बाजारात इसवण नाय म्हणान दर्यात नाय, असा कोणी सांगल्यान तुका?'' पुढे एम.एस्सी.ला साहांचं समीकरण शिकताना मला हेच वाक्य आठवलं. टोपलीत काय आलं, हे दर्यात काय आहे यावर ठरतं, तसंच होड्या गेल्या होत्या का, जाळं कुठलं, त्याच्या आसाचा, म्हणजे भोकाचा, आकार केवढा, मासा वर आला होता की तळाला, यांवरही ठरतं. टोपली बघून दर्या मोजायचा असेल तर हा मधला हिशोब आधी करायला हवा.

ताऱ्यांच्या बाबतीत हा मधला हिशोब दिला तो मेघनाद साहांनी, १९२० मध्ये. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या गरीब दुकानदाराचा हा मुलगा. एवढ्या तापमानाला, एवढ्या दाबाला, एखाद्या मूलद्रव्याच्या किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटून गेलेले असतील, हे त्यांच्या समीकरणातून काढता येतं. केंब्रिजच्या फाउलर आणि मिल्नने त्याला धार लावली. सिसिलिया ते काम ताजंताजं शिकून बोटीत बसली होती. म्हणजे समीकरण कोलकात्याचं, काचा हार्वर्डच्या आणि डोकं हिचं.

आता हायड्रोजन घे. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात त्याच्या ज्या रेषा येतात त्या सगळ्या दुसऱ्या ऊर्जा-पातळीवरच्या इलेक्ट्रॉनच्या. तळातून त्या पातळीवर चढायला १०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५,८०० केल्विन. एवढ्या उष्णतेत हायड्रोजनच्या साधारण अठरा-वीस कोटी अणूंमागे एक अणू त्या पातळीवर असतो. बाकीचे सगळे तळाला, आपल्या जाळ्याच्या बाहेर. कॅल्शियमचं उलट. एक इलेक्ट्रॉन गमावलेला कॅल्शियम त्या जांभळ्या रेषा तळातल्या पातळीवरूनच उमटवतो, आणि सूर्यात जवळजवळ सगळा कॅल्शियम नेमका तसाच असतो. म्हणजे त्याचा अणू न् अणू जाळ्यात.

आजचे आकडे घालून बघ. सूर्यात कॅल्शियमच्या एका अणूमागे हायड्रोजनचे साडेचार लाखांच्या आसपास अणू आहेत. पण रेषा उमटवायला तयार कोण, असं विचारलंस तर हायड्रोजनच्या एका तयार अणूमागे कॅल्शियमचे चारेकशे तयार. म्हणून रेषा कॅल्शियमची ठळक. अभिजित ताऱ्याचं तापमान दहा हजारांच्या जवळपास जातं. तिथे हायड्रोजनच्या रेषा अशा रुंद आणि काळ्याभोर दिसतात की नवखा माणूस म्हणेल, हा तारा वेगळ्याच पदार्थाचा. पदार्थ तोच, ताप वेगळा. कॅननच्या वर्गांचा क्रम हा तापमानाचा क्रम आहे, हे सिसिलियाने आकड्यांनी पक्कं केलं.

पुढचं पाऊल तिचं स्वतःचं. थंड ताऱ्यापासून गरम ताऱ्यापर्यंत जात राहायचं आणि एखादी रेषा जिथे जेमतेम दिसू लागते किंवा जेमतेम उरते, ती जागा टिपायची. त्या जागी रेषा उमटवायला लागणाऱ्या अणूंची संख्या सगळ्यांसाठी साधारण सारखी धरायची. मग साहांच्या समीकरणाने काढायचं की त्या जागी या मूलद्रव्याचा कितवा हिस्सा कामावर होता. हिस्सा कोटीतला एक असेल तर एकूण साठा कोटीपट. अशी तिने अठरा मूलद्रव्यांची प्रमाणं काढली. दोन वर्षं भिंग, काचा आणि गणित. अमुक चुकतंय असं सांगायला रोजचा मार्गदर्शक शेजारी नाही. मी माझ्या पीएच.डी.ला संगणक वापरला आणि तरी रडले होते, हे जाता जाता सांगून टाकते.

बहुतेक मूलद्रव्यं पृथ्वीच्या कवचाशी जुळली. सिलिकॉन जुळला, बरेचसे धातू जुळले. दोनच जुळले नाहीत. हेलियम कितीतरी पट जास्त आला, आणि हायड्रोजन तर धातूंच्या दहा लाख पटींच्या घरात.

प्रबंधाचा मसुदा प्रिन्स्टनच्या हेन्री नॉरिस रसेलकडे गेला. ताऱ्यांच्या विषयात तेव्हा त्याचा शब्द म्हणजे शेवटचा. जानेवारी १९२५ मध्ये त्याने उत्तर पाठवलं: हायड्रोजन धातूंपेक्षा दहा लाख पट जास्त असणं उघडउघड अशक्य आहे. आणि प्रबंधात सिसिलियाने लिहिलं की या दोन मूलद्रव्यांची निघालेली प्रचंड प्रमाणं 'जवळजवळ नक्कीच खरी नाहीत'.

तुझ्या व्हिडिओत इथे भीषण संगीत वाजलं असणार. मी जरा वेगळं सांगते.

रसेल दुष्ट नव्हता. त्याच्याजवळ कारणं होती. बाकीची सगळी मूलद्रव्यं पृथ्वीशी जुळतात आणि दोनच जुळत नाहीत, तर हिशोबात त्या दोघांपुरती काही गफलत आहे, असं समजणं हा शहाण्या माणसाचाच तर्क. मीही परीक्षक असते तर तीच शंका काढली असती. माझी तक्रार दुसरी आहे. 'पुन्हा तपासून बघ' हे वेगळं आणि 'अशक्य' हे वेगळं. चोवीस वर्षांच्या मुलीला, जिचं पुढचं पोट या एका माणसाच्या शिफारशीवर आहे, 'अशक्य' म्हटलं की तो आदेश होतो.

तिने ऐकलं कशाला, म्हणतेस. स्वतः तिने पुढे आत्मचरित्रात दोष स्वतःकडेच घेतलाय: मला माझं बरोबर वाटत होतं तरी मी अधिकारापुढे वाकले. तरुणांना तिने तेच बजावलं, आपल्या पुराव्याची खात्री असेल तर जागा सोडू नका. मला ती स्वतःवर जास्तच कठोर झाल्यासारखी वाटते. एक बघ, तिने काय केलं नाही. आकडे खोडले नाहीत. तक्ता जसाच्या तसा छापला, हायड्रोजनचा आकडा त्याच्या जागी ठेवला, आणि खाली ते एक वाक्य लिहिलं. वाक्य रसेलचं, तक्ता तिचा. पुढे ज्याला गरज पडली त्याला तक्ता सापडला.

गरज रसेललाच पडली. १९२९ मध्ये सूर्याच्या वर्णपटावरून, वेगळ्या वाटेने, तो त्याच उत्तराशी पोचला, आणि पेनच्या आकड्यांशी आपले जुळतात हे त्याने नोंदवलंही. म्हणजे 'चोरलं' हा शब्द व्हिडिओवाल्यांनी वापरला असेल तर तो चूक. पण शोध रसेलच्या नावावर बरीच वर्षं फिरला, हेही खरंच. मोठ्या माणसाने दुजोरा दिला की लोक दुजोऱ्यालाच शोध म्हणतात. आजचा हिशोब असा: सूर्याच्या वस्तुमानात सुमारे ७४ टक्के हायड्रोजन, २५ टक्क्यांच्या आसपास हेलियम आणि उरलेलं सगळं मिळून दोन टक्क्यांहून कमी. लोखंड, कॅल्शियम, सोनंनाणं, सगळं त्या दोनात. ज्या हेलियमच्या नावाने आपण किल्ल्यावर जमतो तो सूर्यात किती, हे सांगायची पहिली वाट या बाईची. पुढे खगोलशास्त्रज्ञ ऑटो स्ट्रूव्हने या प्रबंधाला खगोलशास्त्रात आजवर लिहिलेला सर्वांत तेजस्वी पीएच.डी. प्रबंध म्हटलं. पदवी मात्र हार्वर्डची नाही, शेजारच्या मुलींच्या रॅडक्लिफ कॉलेजची. हार्वर्ड बायकांना देत नसे.

यानंतरची तीस वर्षं व्हिडिओत पाच सेकंदांत उडवतात. मला तीच जास्त महत्त्वाची वाटतात. ती वेधशाळेतच राहिली, शॅपलीची तांत्रिक साहाय्यक म्हणून. पगार उपकरणांच्या खर्चात मांडलेला. शिकवायची, पण तिचे तास कितीतरी वर्षं विद्यापीठाच्या छापील यादीतच नसत. १९३८ मध्ये कुठे 'खगोलशास्त्रज्ञ' असं रीतसर पद आलं. मधल्या काळात, १९३३ मध्ये, जर्मनीत तिला सेर्गेई गापोश्किन भेटला. रशियातून बाहेर पडलेला, जर्मनीतही नात्सींच्या राज्यात नको झालेला. तिने खटपट करून त्याला अमेरिकेत आणवलं आणि १९३४ मध्ये दोघांनी लग्न केलं. तीन मुलं झाली. मुलं वेधशाळेतच पळापळ करायची आणि त्यावर कुरकूर व्हायची.

नवरा-बायकोने मिळून तेज बदलणाऱ्या ताऱ्यांचं काम हातात घेतलं. काचपट्टीवर त्या ताऱ्याची शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून तेज अंदाजायचं, तारीख लिहायची, पुढची पट्टी. मदतनिसांसह या नोंदी तीस लाखांच्या वर गेल्या. १९२५ च्या झगमगाटापुढे हे कंटाळवाणं वाटतं ना? आमचं निम्मं काम असंच असतं, आणि कंटाळा न येणं हीच त्यातली खरी गुणवत्ता. अर्थात, प्रबंधानंतर तिला वर्णपटांवरच राहू द्यायला हवं होतं असं मला वाटतं. शॅपलीने तिला तेजमापनाकडे वळवलं, आणि तिथे विषयाचं नुकसान झालं. १९५६ मध्ये ती हार्वर्डमध्ये पूर्ण प्राध्यापक झाली आणि मग विभागप्रमुख. विभागप्रमुख झालेली ती तिथली पहिली बाई. प्रबंध होऊन तोवर एकतीस वर्षं झालेली. १९७६ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्र संस्थेने तिला मोठा मान दिला. त्याचं नाव: हेन्री नॉरिस रसेल व्याख्यान. मला वाटतं, ती मनात हसली असेल. ७ डिसेंबर १९७९ ला ती गेली.

तिसरा प्रश्न. डी.फार्म.ला मी नावं ठेवणार नाही. आपल्याकडे मेडिकल दुकान चालतं आणि आईवडिलांना मुलगी डोळ्यांसमोर राहते, त्यांची काळजी खोटी नाही. माझ्या एका मुलाखतीत, संस्थेचं नाव नको, मला भौतिकीतला एकही प्रश्न न विचारता 'लग्नानंतर रात्रपाळी जमेल का' एवढंच विचारलं होतं. मी म्हटलं, तारे रात्रीच निघतात, त्याला माझा इलाज नाही. नोकरी मिळाली नाही. दुसरीकडे मिळाली.

वाट अशी. गणित सोडू नकोस, बायोलॉजी असली तरी. बारावीनंतर भौतिकीत बी.एस्सी., रत्नागिरीत किंवा मुंबईत, कुठेही. जमलं तर पुण्याच्या आयसर या विज्ञानशिक्षण संस्थेची प्रवेशपरीक्षा दे. पुढे एम.एस्सी.साठी जॅम आणि पीएच.डी.साठी जेस्ट या प्रवेशपरीक्षा. पुण्याची आयुका, मुंबईची टीआयएफआर, बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था, या संशोधनसंस्थांचे दरवाजे त्यानंतरचे. पीएच.डी.ला दरमहा विद्यावृत्ती मिळते, हे बाबांना जरूर सांग. त्यांना तेच विचारायचं असतं, विचारत नाहीत. पायथन ही संगणकाची भाषा आत्तापासून शिकायला घे. आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला जमलं तर नारायणगावजवळ खोडदला जाऊन ये. तिथे आणि आसपासच्या भागात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर रुंदीच्या तीस अँटेना आहेत. विश्वाच्या दूरदूरच्या भागातला हायड्रोजन रेडिओ लहरींत शोधणं हे त्या बांधण्यामागचं एक मुख्य कारण होतं. सिसिलियाचा हायड्रोजनच तो, काचेऐवजी तारेच्या जाळीत.

तोवर थांबायचं कारण नाही. हार्वर्डच्या काचपट्ट्या स्कॅन करून सर्वांना खुल्या केल्यात, फोनवर बघता येतात. त्याहून बरं, स्वतःची नोंद कर. पाऊस गेला की दिवाळीच्या सुमारास ईशान्येला ययाती हा तारकासमूह वर येतो. त्यात अल्गोल नावाचा तारा आहे. दर २.८७ दिवसांनी तो फिका पडतो आणि काही तासांत पुन्हा उजळतो, कारण एक मंद जोडीदार त्याच्यासमोरून जातो. म्हणजे तिथेही ग्रहणच. दुर्बीण लागत नाही. घरासमोरच्या खळ्यातला दिवा बंद कर, पंधरा मिनिटं डोळे अंधाराला सरावू दे, आणि शेजारच्या दोन ताऱ्यांशी ताडून बघ: याच्याहून उजळ, त्याच्याहून मंद. वहीत तारीख, वेळ, अंदाज, ढग असतील तर तेही. एखादा अंदाज आदल्या दिवशीच्याशी जुळला नाही तर खोडू नकोस, तसाच ठेवून खाली शंका लिही. वीसेक नोंदी झाल्या की वही घेऊन देवगडला माझ्याकडे ये, आपण आलेख काढू. सकाळी नऊनंतर ये, त्याआधी मी मासे आणायला बंदरावर असते.